जुना एमडी ४२१ एन: खर्ज गायब, जाळीतून भुगा

खर्जातला

सेनहायझरचा जुना राखाडी एमडी ४२१ एन माइक आहे. शेपटाला एक्सएलआर (माइकचा आजचा नेहमीचा तीन पिनी जोड) नाही, आट्यांचा तीन पिनी छोटा टुखेल (जुन्या जर्मन पद्धतीचा) सॉकेट आहे. साधा तीन पिनी डिन प्लग त्यात बसतो, म्हणून डिन ते एक्सएलआर अशी तात्पुरती केबल करून ऐकलं. आवाज येतो, पण अगदी किरटा. शेपटाची रिंग फिरवली की खरखर होते, जाळीवर टिचकी मारली की काळपट भुगा पडतो. घरच्या रेकॉर्डिंगसाठी वापरायचा आहे, मुख्यतः गाणं आणि ढोलकी. पिना नेमक्या कशा जोडायच्या? जाळीच्या आतला फोम कुठला घालायचा? आणि खर्जासाठी कॅप्सूल (आवाज पकडणारा आतला भाग) उघडावी लागेल का?

कथील साठ-चाळीस

कॅप्सूलला हात लावायच्या आधी रिंग कुठे आहे ते बघा. पाच टप्पे असतात, एका टोकाला एम, दुसऱ्या टोकाला एस. एम म्हणजे संगीत, एस म्हणजे बोलणं. एसवर खर्ज मुद्दाम कापलेला असतो. हा माइक १९६० साली आला, निवेदकांचा घुमणारा आवाज आवरायला ही सोय होती. खर्ज नाही म्हणून विकायला निघालेल्या ४२१ पैकी काहींचा आजार एवढाच असतो.

खरखर म्हणजे रिंगेखालचे संपर्क काळे पडलेत. माइक केबलवरून काढा, शेपूट खाली आणि जाळी वर धरा, म्हणजे ओघळ कॅप्सूलकडे जाणार नाही. प्लास्टिकला न खाणारा काँटॅक्ट क्लीनर नळीने दोन-तीन थेंब सोडा. फवारा मारू नका, तो फटीफटीतून वर चढतो. रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा, तासभर तसाच उभा ठेवा, मग ऐका. तरीही एखाद्या टप्प्यावर आवाज तुटत असेल तर रिंग एमवर ठेवून विसरून जा. खर्ज इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर) कापता येतो.

जोडणी अशी: डिनची मधली पिन २ म्हणजे शील्ड (तारांभोवतीचं ग्राउंडचं आवरण), ती एक्सएलआरच्या १ वर. डिन १ ही एक्सएलआर २ वर, डिन ३ ही एक्सएलआर ३ वर. इथे एक खोडा आहे. प्लगच्या टाक्याच्या बाजूने पाहिलं की क्रम आरशातल्यासारखा उलटा दिसतो, आणि १ व ३ ची अदलाबदल होते. आवाज व्यवस्थित येतो, फक्त पोलॅरिटी उलटी, म्हणजे लहर वरची खाली. प्लगवर कोरलेला आकडा भिंगातून वाचूनच टाका मारा. मॉडेलच्या नावात एनऐवजी दुसरी अक्षरं असतील तर हीच जोडणी गृहीत धरू नका.

आता मीटर. डिजिटल मीटर, २ किलोओहमची रेंज, रिंग एमवर, डिनच्या १ आणि ३ मध्ये मोजा. या माइकमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, त्यामुळे आकडा २०० ओहमच्या आसपास यावा. मधल्या टप्प्यांवर स्विचमधले भाग आकड्यात मिसळतात, म्हणून एमच. मीटरची टोकं टेकवताना कॅप्सूलमधून बारीक टिक ऐकू आली तर कॉइल (आतली तारेची बारीक गुंडाळी) हलते आहे. काट्याचा जुना मीटर गुणिले एक रेंजवर वापरू नका, त्यातून बराच जास्त करंट जातो.

मग १ व २, आणि ३ व २ यांच्यात मोजा. दोन्हीकडे पूर्ण तुटलेलं, म्हणजे जोडच नाही असं, दिसलं पाहिजे. जुनी केबल बहुधा टेपरेकॉर्डरसाठी एका बाजूने ग्राउंड केलेली असते. तशीच इंटरफेसला लावून ४८ व्होल्ट फँटम (इंटरफेस माइकला पुरवतो ती वीज) चालू राहिला तर ६.८ किलोओहममधून सुमारे ७ मिलिअँपिअर डीसी थेट कॉइलमधून वाहतो आणि डायफ्रॅम (आवाजाने हलणारा पातळ पडदा) एका बाजूला ढकललेला राहतो. जोडणी बरोबर असेल तर दोन्ही तारांवर सारखाच दाब असतो, फँटमने काही होत नाही. पण तपासून होईस्तोवर तो बंदच ठेवा.

जाळीवाला

फोमबद्दल. जुना फोम एस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा असतो, तो हवेतल्या दमटपणाने फुटत जातो. मुंबई-कोकणात हे लवकर होतं. आधी चिकट होतो, मग भुगा.

सगळा धोका जाळी काढतानाच्या क्षणाला आहे. जाळी सैल झाली की माइकचं तोंड जमिनीकडे करा, खाली पांढरा कागद अंथरलेला. भुगा कागदावर पडू दे, डायफ्रॅमवर नको. जाळी निघाली की कॅप्सूलवर मास्किंग टेपची टोपी करा, टेप फक्त कडेच्या प्लास्टिकला चिकटेल अशी. सुटी जाळी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासा. चिकट डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातात, पण बॉडीवरच्या छापील अक्षरांना ते लावू नका, पुसली जातील. जाळी चोवीस तास वाळवा.

नवा फोम उशीचा किंवा सोफ्याचा नको, तो दाट असतो आणि वरचे स्वर गिळतो. मोकळ्या छिद्रांचा हवा. अॅक्वेरियमच्या दुकानात फिल्टरचा स्पंज मिळतो, इंचाला ३० छिद्रांचा मागा. उजेडासमोर धरला की पलीकडचं दिसलं पाहिजे, फुंकर विनासायास आरपार गेली पाहिजे. पर्याय असेल तर ईथर जातीचा घ्या, दमटपणात तो जास्त टिकतो. जाडी जुन्या अवशेषावरून किंवा मोकळ्या जागेवरून ठरवा, ३ ते ५ मिलिमीटर बहुतेकदा पुरते. दाबून कोंबू नका. मऊ स्पंजाची पातळ चकती कापणं कटकटीचं आहे. तो ओला करून डीप फ्रीजरमध्ये गोठवा, मग नव्या ब्लेडने सरळ कापला जातो. बसवण्याआधी पूर्ण सुकवा.

गोंद शक्यतो नकोच, चकती घट्ट कापली की आपोआप राहते. लावायचाच तर फेविबाँडचे दोन ठिपके जाळीच्या आतून, आणि जाळी माइकवर चढवण्याआधी रात्रभर उघडी ठेवा. फेविक्विक अजिबात नाही. त्याची वाफ आजूबाजूला पांढरा थर धरते, तो डायफ्रॅमवर बसला की निघत नाही.

हे ४२१ च्या जाळीपुरतं. एमडी ४४१ किंवा इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० मध्ये आतला फोम ध्वनिरचनेचाच भाग आहे. तिथे जाडी आणि घनता अंदाजाने बदलली तर माइकचा स्वभाव बदलतो.

पाऊणपट

धागा थोडा वळवतो. शुअर युनिडाइन तीन, ५४५ माइक. इंटरफेसमध्ये फार हळू येतो, गेन शेवटपर्यंत नेला तरी. कॅप्सूल गेली का?

कथील साठ-चाळीस

@पाऊणपट, आधी हाय इम्पीडन्सची (जास्त विद्युत रोधाच्या जोडणीची) शंका घ्या. ५४५ हा १९५९ चा, शुअरच्याच एसएम५७ चा थोरला भाऊ. त्याचा ट्रान्सफॉर्मर हाय आणि लो दोन्ही प्रकारे जोडता येतो, आणि बरेच नग त्या काळच्या अॅम्प्लिफायरसाठी हायवर जोडलेले मिळतात. मीटरवर ओहम हजाराच्या पुढे गेले तर हाय, शंभरांच्या आत-बाहेर असतील तर लो.

हिशोब करून बघा. समजा माइक ४० किलोओहमचा आणि इंटरफेसचा माइक इनपुट २.४ किलोओहमचा. नुसत्या लोडनेच जवळपास २५ डेसिबल जातात. तात्पुरतं ऐकायला इंटरफेसचा गिटारचा इनपुट वापरा, तो १ मेगाओहमच्या आसपास असतो. पण केबल आखूड ठेवा. केबलची धारिता दर मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर ६ मीटर केबलचे ६०० होतात, आणि ४० किलोओहमला साधारण ६.६ किलोहर्ट्झपासून वरचे स्वर उतरायला लागतात. कायमचा उपाय म्हणजे आतल्या तारा लोवर घेणे. काढण्याआधी रंगांचा फोटो काढा. कावीया ३५० अंशांवर, टाका दोन-तीन सेकंदांत, कॅप्सूलकडच्या बाजूला चिमट्याने उष्णता शोषून घ्या. टर्मिनल ज्या प्लास्टिकमध्ये बसवलेत ते मऊ पडलं की आतली तार तुटते, आणि ती परत जोडणं घरी होत नाही.

रॉकेलचा डबा

४२१ च्या डायफ्रॅमवर भुगा गेलाच असेल तर कॅमेऱ्याच्या ब्लोअरने उडवता येईल की. लोखंडाचा कीस असेल तर लोहचुंबक फिरवायचा.

जाळीवाला

दोन्ही नको. ब्लोअरच्या एका फुंकेत पातळ डायफ्रॅम आत दबतो, आणि भुगा कडेच्या फटीतून चुंबकाच्या गॅपमध्ये (कॉइल हलते त्या फटीत) जातो. तिथून तो काढता येत नाही, कॉइल घासायला लागते. बाहेरचा चुंबक आतल्या चुंबकाशी स्पर्धा करतो. कीस निघाला तर निघाला, नाहीतर फक्त जागा बदलतो.

तोंड खाली धरून शून्य नंबरचा मऊ चित्रकलेचा ब्रश, आणि तोही जाळीदार कव्हरवरच, बाहेरच्या दिशेने. कीस दिसत असेल तर काडीच्या टोकाला ब्लू-टॅकची बारीक गोळी लावून कव्हरवरून टिपा. डायफ्रॅमला टेकवायचं नाही. डायफ्रॅमवर अल्कोहोल नाही, पाणी नाही, कुठलाच क्लीनर नाही. कॉइल ज्या गोंदाने चिकटवलेली असते तो सुटतो. टेबलावर इलेक्ट्रॉनिक भागांच्या कापलेल्या पायांचे तुकडे असतील तर काम दुसऱ्या टेबलावर करा. चिमटा पितळी किंवा प्लास्टिकचा.

मॅग्नेट आणि डायफ्रॅम वेगळे करायच्या फंदात पडू नका. अल्निको (मिश्रधातूच्या) चुंबकाचं सर्किट उघडलं की त्याची ताकद उतरते आणि परत चुंबकित करावा लागतो.

खर्जातला

रिंग खरंच एसच्या बाजूला होती. एमवर घेतल्यावर एकटा माइक छान वाजतो. मीटरवर १९६ ओहम, शील्डशी दोन्हीकडे तुटलेलं. फोम बदलायचा आहे अजून. पण एसएम५७ शेजारी ठेवून दोन्ही ट्रॅक मोनोत एकत्र केले की ढोलकीचा धूम जातोच.

कथील साठ-चाळीस

मग कॅप्सूल ठीक आहे, पोलॅरिटी उलटी आहे. दोन्ही माइकची तोंडं शेजारी-शेजारी टेकवून समोरून "प" म्हणा आणि लहरी मोठ्या करून बघा. पहिला उसळा ५७ मध्ये वर आणि ४२१ मध्ये खाली दिसला की झालं. केबलमध्ये एक्सएलआरच्या २ आणि ३ ची अदलाबदल करा, माइक उघडू नका. केबलवर तसा टॅग लावा, नाहीतर उद्या दुसऱ्या टुखेल माइकला तीच केबल लागून पुन्हा गोंधळ.

पातळीही पडताळा. ४२१ ची संवेदनशीलता पास्कलला २ मिलिव्होल्ट, ५७ ची १.६, म्हणजे सारख्या गेनला ४२१ दोनेक डेसिबल वर यायला हवा. पाच-सहा डेसिबल खाली असेल आणि ओहम मात्र बरोबर असतील तर चुंबक उतरलेला किंवा गॅपमध्ये घाण असू शकते. घासणं ऐकायचं तर स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर ठेवून ५० ते ५०० हर्ट्झचा संथ स्वीप (हळूहळू चढत जाणारा सूर) रेकॉर्ड करा. घासणारी कॉइल ठराविक जागी खरखरते.

जाळीवाला

पावसाळ्यासाठी हवाबंद डबा, आत सिलिका जेल, एक स्वस्त हायग्रोमीटर. पाच लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम जेल पुरतं, आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर ठेवा. रंग पालटला की जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. डांबर गोळ्या त्याच डब्यात टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. आणि ४२१ ची ती खाचेत सरकवायची क्लिप झिजलेली असते, माइक स्टँडवर तिरका लावला की निसटतो. नवी क्लिप मिळेपर्यंत केबल स्टँडला वेलक्रोने बांधा आणि माइक ढोलकीच्या वर लटकवू नका.