मदत हवी आहे : बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) फौंड्रीने ॲल्युमिनियमकडे वळावं का?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोलीला आमची छोटी फौंड्री आहे. सगळं बिडाचं ओतकाम, मुख्यतः सिलिंडर हेड आणि इंजिनाचे भाग. मुलगा म्हणतो, ईव्हीत (विजेवरच्या गाडीत) इंजिनच नाही, मोटरचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं. डायकास्टिंगचं (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरण्याचं) मशीन आताच घेऊ. दाखला बीवायडी या चिनी मोटार कंपनीचा देतो. १९९५ला बॅटऱ्यांपासून सुरुवात, २००३ला मोटारीत प्रवेश. इंजिनात जपान-जर्मनीला गाठणं अवघडच होतं, पण रस्ताच बदलला आणि मागचे पुढे गेले. सॅमसंगही टीव्हीत पहिली आली ती चपटे पडदे आल्यावर, २००६ला.

पटतं. पण बॅटरीचं ज्ञान बीवायडीकडे आधीच होतं, आमच्याकडे ॲल्युमिनियमचं काय आहे? उलट बाजूला एचएमटीही दिसते : क्वार्ट्झची (बॅटरीवरची) घड्याळं आल्यावरही भिस्त चावीच्या घड्याळांवरच, आणि बाजार टायटनने नेला.

चाकण-भोसरीकडे कुणी बिडातून डायकास्टिंगला गेलंय का? सुरुवातीला पोरॉसिटीमुळे (ओतकामात राहणाऱ्या बारीक पोकळ्यांमुळे) माल किती परत आला? ऑर्डर हातात नसताना बँकेने कर्ज दिलं का? की ट्रॅक्टर आणि पंपांच्या कास्टिंगवर अजून काही वर्षं निघतील? खर्चाचे खरे आकडे सांगणारं कुणी असेल तर फारच बरं.