जुन्या दफ्तरातील खुणा कशा वाचाव्यात?

बालाघाटकर (अंबाजोगाई):
आमच्या घरी जमिनीच्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, आहे. त्यात मोडी, उर्दू आणि क्वचित बाळबोध (देवनागरी) असे तिन्ही प्रकारचे लेखन आहे. मोडीची मुळाक्षरे मी गिरवली आहेत आणि सावकाश का होईना, वाचता येते. परंतु माझी अडचण अक्षरांपेक्षा खुणांची अधिक आहे. एका इनामपत्राच्या शेवटी ‘छ ७ जमादिलाखर, सन सितैन मया व अलफ’ असे आहे. एका पावतीवर २३ या अंकापुढे तीन उभ्या रेघा आणि त्यांना लागून दोन आडव्या रेघा आहेत. एका उर्दू कागदावरील ‘माह बहमन १३४२ फसली’ एवढेच शेजारच्या मौलवीसाहेबांना लागले; बाकी मजकूर ‘शिकस्ता’ आहे, असे सांगून त्यांनी तो परत केला. या गोष्टींचा उलगडा कोणी करू शकेल काय?

गोदाकाठ (पैठण):
तारखेपासून आरंभ करावा, कारण तारीख एकदा लागली की कोणाच्या अमलातील कागद आहे हे कळते आणि पुढचा अर्धा मजकूर अंदाजाने उलगडू लागतो. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात हिजरी महिन्याची चांद्र तारीख. त्यापुढील वर्ष मात्र हिजरी नसून शुहूर सनाचे आहे. हा सन आकड्यांत न लिहिता अरबी संख्यानामांनी लिहीत आणि एकक आधी, मग दशक, शेकडा व हजार असा क्रम ठेवीत. सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. म्हणून आपला सन ११६०. शुहूर वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. त्यामुळे इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवावे लागतात. जमादिलाखर त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत येत असल्याने आपले पत्र जानेवारी १७६० च्या अखेरच्या आठवड्यातील ठरते, म्हणजे मराठे आणि निजाम यांच्यातील उदगीरची लढाई आठवड्यावर आली असतानाचे. अशा धामधुमीत कोणी शांतपणे इनामपत्र लिहीत बसला होता, याचे मला कौतुक वाटते.

पत्राचा कागद लांब असेल तर त्याचे बंद (एकाखाली एक जोडलेले कागदाचे तुकडे) जेथे चिकटवले आहेत ते सांधे मागील बाजूने अवश्य पाहावेत. बंद बदलून बनाव करता येऊ नये म्हणून सांध्यावर शिक्का किंवा लेखन असे. मजकूर संपल्यावर ‘मोर्तब सुद’ (शिक्का झाला) ही अक्षरे किंवा मर्यादेची लहान मुद्रा आढळते. तिच्याखाली काही वाढवलेले दिसल्यास ते नंतरचे समजावे.

पटवारीवाडा (परभणी):
रेघांविषयी लिहितो. एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, म्हणजे चार आणे. दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यांच्या पुढील प्रत्येक आडवी रेघ एका आण्याची. म्हणून २३॥।= ही रक्कम तेवीस रुपये चौदा आणे होते. याच उभ्या रेघा धान्याच्या मापापुढेही येतात आणि तेथे त्या मापाचा पाव-अर्धा दाखवतात, हे ध्यानात न ठेवल्यास खंडी-मणाचा हिशेब रुपयांत वाचला जातो. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत आणि विरामचिन्हेही नसत. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगत जायचे, अशी रीत होती. अशा सलग ओळीत नजरेला थांबायला जागा देतात त्या या रेघा आणि अंकच. नवशिक्यांनी पहिल्या अक्षरापासून वाचण्याचा हट्ट सोडून आधी पानावरील अंक, तारीख आणि शेवट शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे आपल्याकडे मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे. पण घाईने केलेल्या लिप्यंतरांत नेमक्या या खुणाच गाळलेल्या दिसतात.

दख्खनी (छत्रपती संभाजीनगर):
फसली सनाबाबत, म्हणजे महसुलाच्या वर्षगणनेबाबत, सावध राहावे. निजामाच्या राज्यातील फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू होई, तर मराठी मुलखातील फसली मृगाला सुरू होई. आकडा तोच दिसला तरी आरंभ वेगळा. आजूर, दै, बहमन या क्रमाने बहमन तिसरा. १३४२ मध्ये ५९० मिळवल्यास १९३२ येते, म्हणून आपला कागद डिसेंबर १९३२ किंवा फार तर जानेवारी १९३३ च्या पहिल्या दिवसांतील आहे.

शिकस्ता म्हणजे मोडलेली लेखणी. वेगासाठी नुक्ते (अक्षरांवरचे-खालचे ठिपके) गाळायचे, आणि एरवी सुटी राहणारी अक्षरेही एकमेकांत गुंतवायची, हा तिचा स्वभाव. त्यामुळे छापील उर्दू सफाईने वाचणारा माणूस तिच्यापुढे थांबतो, यात मौलवीसाहेबांचा दोष नाही. त्यातच रकमा ‘सियाक’ पद्धतीने लिहिलेल्या असतील तर त्या आकड्यांसारख्या दिसतच नाहीत, कारण अरबी संख्यानामांचीच ती आखूड केलेली रूपे आहेत. तक्त्यात एकाखाली एक तीच आकृती ओढलेली दिसली तर ती बहुधा ‘ऐजन’, म्हणजे वरीलप्रमाणे. आजच्या सातबाऱ्यावर हा शब्द देवनागरीत आपण वाचतोच.

गोदाकाठ:
वळणाचाही, म्हणजे अक्षराच्या धाटणीचाही, विचार व्हावा. चिटणिशी, बिवलकरी, महादजीपंती ही मोडीची वळणे ठाऊक असली तरी गावच्या पटवाऱ्याचे हस्ताक्षर त्यांपैकी कशातच बसत नाही. त्याच रुमालातील त्याच हाताचे चार कागद शेजारी ठेवून त्याची वेलांटी आणि लपेटी ओळखीची करून घ्यावी. पुस्तकातील तक्त्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. पैठण परिसरातील पोथ्यांत महानुभावांची सकळ लिपी भेटते, पण ती एका अक्षराऐवजी दुसरे ठेवणारी सांकेतिक लिपी आहे आणि जमिनीच्या कागदांत तिची शंका घेण्याचे कारण नाही.

बालाघाटकर:
सर्वांचे आभार. सांधे तपासले, दोन्हींवर शिक्का आहे. एक शंका उरते: पावती निजामाच्या अमलातील आहे, तर तेवीस रुपये चौदा आणे हे हाली (निजामाच्या राज्याचे रुपये) समजावेत की कलदार (इंग्रजी रुपये)?

पटवारीवाडा:
रकमेच्या मागेपुढे ‘हाली’ किंवा ‘कलदार’ शब्द असल्यास तोच प्रमाण मानावा. सरकारी साऱ्याची पावती असेल आणि शब्द नसेल, तर हाली धरण्यास हरकत नाही. खाजगी देवघेवीची असल्यास मात्र तसे धरू नये, कारण सहा कलदारांना सात हाली असा भाव होता आणि एवढा फरक कोणी सावकार सोडत नसे. पावतीवर ‘सारा’ किंवा ‘मालगुजारी’ यांपैकी काही लागते का, ते पाहून कळवावे.