रात्रीचा अलार्म खरा मानावा की ग्लुकोमीटरचा आकडा?

प्रश्न
मला टाइप १ मधुमेह आहे आणि मी दंडावर सीजीएम (साखर सतत मोजत राहणारा) सेन्सर लावतो. दिवसा त्याचे आकडे ग्लुकोमीटरशी बऱ्यापैकी जुळतात. रात्री मात्र साखर ५५-६० पर्यंत घसरल्याचा अलार्म वारंवार वाजतो आणि उठून बोटातून रक्त काढून पाहावे, तर मीटर ११० च्या आसपास दाखवतो. माझी झोप मोडतेच, शिवाय पत्नीच्या मनातही धास्ती बसली आहे. अलार्म बंद करावासा वाटतो, पण हात धजावत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर
हात धजावत नाही तेच बरे आहे, अलार्म बंद करू नका. सेन्सर ज्या दंडावर आहे त्याच कुशीवर आपण झोपता का, हे आधी पाहा. दाब पडला की त्या जागेचा रक्तपुरवठा मंदावतो आणि सेन्सरचा आकडा खोटाच खाली येतो. असा आलेख कडा कोसळावा तसा एकदम पडतो आणि कूस बदलल्यावर थोड्याच वेळात पूर्ववत होतो. तरीही नुसत्या आलेखावर विसंबू नये. शंका आली की बोटातून तपासावे, आणि घाम किंवा थरथर असेल व मीटर हाताशी नसेल, तर आधी साखर घ्यावी. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर, थोडा मागच्या बाजूला लावून पाहा.

दुसरे उत्तर
वरील मुद्द्याला जोडून सांगतो. सेन्सर रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो, त्यामुळे तो रक्ताच्या साधारण ५ ते १५ मिनिटे मागे असतो. साखर खरोखर कमी झाल्यावर १५ ग्रॅम ग्लुकोज घेतले, तरी पडद्यावरचा आकडा काही वेळ खालीच राहतो. घाबरून माणूस पुन्हा पुन्हा खातो आणि पहाटे साखर २५० वर जाते. म्हणून १५ मिनिटांनी बोटातूनच तपासावे. नव्या सेन्सरचा पहिला दिवसही कमी भरवशाचा असतो. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही सेन्सर आकडा वाढवून दाखवतात आणि मग खरी घसरण झाकली जाते. माझ्या मते हे खोट्या अलार्मपेक्षा अधिक घातक आहे.

तिसरे उत्तर
एक गोष्ट राहिली. दाबामुळे आलेल्या या घसरणी सेन्सरच्या अहवालातही मोजल्या जातात. बहुतेक प्रौढांसाठी दिवसातील ७० टक्क्यांहून अधिक वेळ साखर ७० ते १८० च्या दरम्यान आणि ४ टक्क्यांहून कमी वेळ ७० च्या खाली असावी, असे उद्दिष्ट ठेवतात. खोट्या घसरणींनी हा दुसरा आकडा फुगला, तर डॉक्टर रात्रीचे बेसल (जेवणाव्यतिरिक्त सतत लागणारे) इन्सुलिन विनाकारण कमी करण्याची शक्यता असते. तेव्हा बोटातून घेतलेले आकडे वेळेसह लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत अहवाल उघडण्यापूर्वीच ते डॉक्टरांपुढे ठेवा.