रमोन्स: वारसा गाण्यांचा की टी-शर्टचा?

पडघम:
न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागातल्या चार तरुणांनी १९७४ साली ‘रमोन्स’ हा बँड काढला आणि आज पंक रॉकचे, म्हणजे छोट्या, वेगवान आणि साध्या गाण्यांच्या बंडखोर रॉकचे, आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या मानाला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्यामागून आलेल्या भक्तीला. एप्रिल १९७६ मधील पहिल्या अल्बममधली १४ गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात, आणि या बँडला जे सांगायचे होते तेही माझ्या मते जवळजवळ तिथेच संपते. पुढची वीस वर्षे तेच मोजके कॉर्ड (गिटारवरचे स्वरमेळ) आणि तीच लेदर जाकिटे. तो अल्बम अमेरिकेत १११व्या क्रमांकाच्या वर चढला नाही आणि त्याला विक्रीवरून मिळणारा ‘गोल्ड’ दर्जा मिळण्यासाठी २०१४ साल उजाडावे लागले. आर्तुरो व्हेगा यांनी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून बेतलेले, बेसबॉलची बॅट धरलेल्या गरुडाचे बोधचिन्ह मात्र टी-शर्टवर बसून जगभर फिरले. वारसा नेमका कशाचा म्हणायचा?

खर्ज:
विक्रीचे आकडे हा येथे चुकीचा गज आहे. सुमारे ६,४०० डॉलर खर्चात उरकलेल्या त्या ध्वनिमुद्रणाने, स्टुडिओत महिनोन्‌महिने घालवणाऱ्या आणि लांबलचक सोलो (एकट्या वाद्याचे तुकडे) वाजवणाऱ्या तत्कालीन रॉकला दिलेले उत्तर पाहावे. ‘मोजके कॉर्ड’ म्हणणे सोपे आहे; परंतु बँडचा गिटारवादक जॉनी रमोन उजव्या हाताचा प्रत्येक आघात वरून खालीच करीत असे, आणि तोही मैफल संपेपर्यंत त्याच वेगाने. मी स्वतः गिटार वाजवतो आणि दुसऱ्या गाण्यातच माझे मनगट भरून येते. एकसुरीपणा हा त्यांचा दोष नसून पत्करलेली शिस्त होती. ४ जुलै १९७६ रोजी लंडनच्या राउंडहाउसमध्ये ते वाजवून गेले आणि तिथूनच ब्रिटिश पंक जन्मले.

मध्यलय:
शिस्तीचा मुद्दा मान्य, शेवटचे वाक्य अमान्य. ब्रिटिश पंक बँडांपैकी ‘क्लॅश’चा पहिला जाहीर कार्यक्रम शेफील्डमध्ये त्याच ४ जुलैला झाला आणि ‘डॅम्ड’चा दोनच दिवसांनी. बारशाच्या तयारीत असलेल्या घरी येऊन गेलेल्या पाहुण्याला जन्मदाता म्हणता येत नाही. रमोन्समुळे तिथल्या मुलांना धीर आला आणि त्यांचा वेग वाढला, एवढेच म्हणावे.
पडघम यांचेही एक विधान तपासायला हवे. बदलाचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही: १९८० साली नामांकित संगीतनिर्माते फिल स्पेक्टर यांच्याकडून अल्बम करून घेतला आणि तो ४४व्या क्रमांकापर्यंत गेला, जो त्यांचा अमेरिकेतला उच्चांक ठरला. शिवाय सांगण्यासारखे काही उरले नव्हते, हे तर मुळीच खरे नाही. १९८५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जर्मनीतील बिटबर्ग येथील, वाफेन-एसएस या नाझी दलाचे सैनिकही पुरलेल्या दफनभूमीला भेट दिली, तेव्हा ज्यू कुटुंबात वाढलेल्या जोई या बँडच्या गायकाने संतापून गाणे केले. रेगनसमर्थक जॉनीच्या आग्रहाखातर अल्बमवर त्याचे शीर्षक बदलावे लागले. वैयक्तिक कारणावरून आधीच अबोला धरलेली ही दोन माणसे एकाच गाडीतून वर्षानुवर्षे दौरे करीत राहिली, याचेच मला अधिक नवल वाटते.

पडघम:
बिटबर्गवरचे गाणे माझ्या नजरेतून सुटले होते, हे मान्य करतो. स्पेक्टर यांच्या अल्बमचा दाखला मात्र माझ्याच बाजूचा आहे: बदलले तेव्हा थोडे यश मिळाले, आणि तरीही ते जुन्या वाटेवर परतले.

खर्ज:
त्या जुन्या वाटेने त्यांना मार्च १९९६ मध्ये अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट मैदानापर्यंत नेले; मायदेशात क्लबांमधून वाजवणाऱ्या बँडसाठी तिथे अख्खे मैदान जमले होते. ती माणसे गरुडाचे चित्र पाहण्यासाठी आली नव्हती.

पडघम:
त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर ते चित्र होते, एवढे तरी मान्य कराल.