शाळेत ‘दोन्ही बाजू’ म्हणजे नक्की काय?

खडूफळा: काल ‘सस्क्वेहाना’ यांनी लिहिलं की अमेरिकेतल्या सरकारी शाळांनी उत्क्रांतीबरोबर ‘सृष्टी देवाने घडवली’ हेही शिकवावं, पटेल ते मुलं घेतील. अहो, तुम्ही पेनसिल्व्हेनियात राहता, तिथलं डोव्हर गावचं प्रकरण विसरलात? तिथल्या शाळा मंडळाने नववीच्या जीवशास्त्रात डार्विनवर शंका घेणारं निवेदन वाचायला सांगितलं. शिक्षकांनी नकार दिला, अकरा पालक कोर्टात गेले. निवेदनात शिफारस केलेल्या पुस्तकाचे जुने मसुदे तिथे बाहेर आले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांतीबरोबर सृष्टिनिर्मितीही शिकवायला लावणारा लुइझियाना राज्याचा कायदा रद्द केल्यावर ‘सृष्टिनिर्मिती’ खोडून ‘बुद्धिमान रचना’ (सजीव कुणीतरी बुद्धीने आखले, हे मत) घातलं होतं, बाकी मजकूर तोच. डिसेंबर २००५ मध्ये मंडळाच्या विरोधात निकाल देणारे न्यायाधीश जोन्स हे रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनीच नेमलेले. खरी दुसरी बाजू असती तर तिला नाव बदलून वर्गात यावं लागलं नसतं.

सस्क्वेहाना: विसरलो नाही. माझ्या मुलीच्या वर्गात देव मानणाऱ्यांना हात वर करायला लावले आणि शिक्षक हसले. दोन महिने पोरगी देव्हाऱ्यापाशी फिरकली नाही. हे कुठल्या कोर्टात मांडू?

उंबरठा: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. डार्विनच्या कितीतरी आधी आपल्याकडे उत्क्रांतीचा क्रम लागलेला होता. तो का नाही शिकवत?

गोगलगाय: दर वेळी दशावतार! वामनापाशी का थांबता? पुढे परशुराम आणि राम समोरासमोर उभे राहतात, मग कोण कुणापासून उत्क्रांत झालं? अवतार देव ठरवून घेतो. नैसर्गिक निवडीत ठरवणारं कुणी नसतं. मी रोज विष्णुसहस्रनाम म्हणते, म्हणूनच जास्त चीड येते.

उंबरठा: मला अक्कल शिकवू नका. कूर्म उभयचर आहे की नाही?

गोगलगाय: नाही. कासव सरपटणाऱ्या प्राण्यांत येतं.

खडूफळा: २०१८ मध्ये औरंगाबादेत केंद्रीय शिक्षण खात्याचे तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली.

उंबरठा: बारावीत आहे ना!

पाचवा तास: जीवशास्त्र घेणाऱ्यांना. कॉमर्सला जाणाऱ्या पोरांचं काय? आपल्या राज्य मंडळात दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. १४ वर्षं शिकवतेय. एकदा वरून सांगणं आलं, लवकर उरका. मी नाही उरकला. एका मुलाने विचारलं, “मग देव खोटा का, बाई?” म्हटलं, ते घरी आजीला विचार, इथे सांग माकडहाड कुठे असतं. सगळा वर्ग पाठीमागे हात नेऊन चाचपत बसला. त्या हाडाचं नाव आपल्या भाषेत कुणी डार्विनला विचारून ठेवलेलं नाही.

सस्क्वेहाना: बरं, निवेदन नको, मान्य. डोव्हरला त्यापायी दहा लाख डॉलर वकिलांना मोजावे लागले, तेही ठाऊक आहे. पण माझ्या मुलीला हसलेल्या मास्तरांबद्दल अजून कुणी बोललं नाही.

पाचवा तास: त्यांचं चुकलंच, दादा. मी असते तर मुलीची माफी मागितली असती. तुम्ही शाळेत जाऊन बोललात का?

सस्क्वेहाना: नाही.