कच्च्या केळीच्या पिठाने अल्सर बरा होतो का? खरंच टेस्टिंग झालंय का?

तापीकाठचा:
आमच्या नानांना गुडघ्यासाठी पेनकिलर खाऊन खाऊन अल्सर झालाय, दुर्बीण टाकली तेव्हा कळलं. आता आजी कच्च्या केळीच्या चकत्या गच्चीवर वाळवून दळते, पीठ ताकात कालवून देते आणि म्हणते गोळ्या बंद कर. नाना म्हणतात बरं वाटतंय. रावेरकडे केळीला काय तोटा, पण यावर कोणी प्रयोग केलाय का?

शिरपूर_फार्मसी:
केलाय भाऊ, रॅटवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदरांवर. एम.फार्मला मी दुसऱ्या एका वनस्पतीवर असंच काम केलंय म्हणून सांगतो. रॅट 24 तास उपाशी, फक्त पाणी, मग अर्क नळीने पोटात, तासाभराने अल्सर व्हावा म्हणून ॲस्पिरिन नाहीतर अल्कोहोल, नंतर जठर उघडून टाचण्यांनी ताणून भिंगाखाली जखमांच्या लाल रेघा मोजायच्या. एका ग्रुपला औषधच नाही, एकाला ओमेप्रॅझोल (ॲसिड कमी करणारी नेहमीची गोळी), बाकीच्यांना अर्काचे वेगवेगळे डोस, तेव्हा कुठे तुलना होते. औषध न दिलेल्या जठरात नुसत्या लालभडक रेघा आणि शेजारी अर्कवाल्याचं स्वच्छ गुलाबी जठर, ते बघून मला रात्री झोप आली नव्हती इतका आनंद झाला होता.
केळीचं म्हणाल तर कच्च्या केळीच्या पावडरने ॲस्पिरिनचा अल्सर अडला आणि झालेला भरलाही, असं 1984 मध्येच छापून आलंय, 1999 मध्ये त्यातलं ल्युकोसायनिडिन नावाचं द्रव्यही सापडलं. पण ती भाजीची केळी होती, आपल्याकडच्या बसराई, ग्रँड नैन या जाती म्हणजे पिकवून खायची केळी, आणि पिकल्यावर तो गुण राहत नाही. जात कोणती हेच आधी बघावं लागतं. रॅटवर जमलं म्हणून नानांच्या गोळ्या बंद नका करू.

चोपड्याची ताई:
दादा, पेनकिलर बंद केली का? ती चालू असेल तर पीठ काय करणार! आणि पायलोरीची, म्हणजे अल्सर करणाऱ्या पोटातल्या जंतूची टेस्ट झाली का? 1982 मध्ये मार्शल आणि वॉरन यांनी तो जंतू वाढवून दाखवला, त्याला अँटिबायोटिकच लागतात. माझ्या वडिलांनी असंच बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या, पंधरा दिवसांत डांबरासारखी काळी चिकट शी व्हायला लागली आणि आम्हाला वाटलं खाण्यातलं काही असेल. रक्त होतं ते. चार बाटल्या चढवाव्या लागल्या. नानांना आजच विचारा.

तापीकाठचा:
ताई, आत्ता विचारलं. परवापासून काळीच होतेय म्हणे, लाजेने बोलले नाहीत. गाडी काढलीय, जळगावला निघालो.