टिल्डन पार्कमध्ये घरच्यांसोबत घालवलेले दिवस : तुमचेही अनुभव लिहा

काल १ नोव्हेंबर होता. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या टेकड्यांवरून मुलीसोबत येताना टिल्डन रीजनल पार्कमधल्या साउथ पार्क ड्राइव्हचे फाटक बंद दिसले आणि बारा वर्षांपूर्वीची एक ओली सकाळ आठवली. हा रस्ता दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च मोटारींसाठी बंद असतो, कारण पाऊस सुरू झाला की न्यूट हे पालीसारखे दिसणारे, पण बेडकांसारखे उभयचर असलेले जीव प्रजननासाठी रस्ता ओलांडून पाण्याकडे निघतात आणि चाकांखाली सापडतात. पायी जायला मात्र मोकळीक असते.

त्या सकाळी रस्त्याच्या मधोमध एक न्यूट चालला होता. पाठ तपकिरी, पोट नारिंगी, आणि एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही अशी चाल. त्याच्या त्वचेत विष असते, म्हणून हात लावायचा नव्हता. सासऱ्यांनी चार वर्षांच्या नातीचा हात धरला आणि न्यूट पलीकडच्या पाचोळ्यात शिरेपर्यंत आम्ही सगळे थांबून राहिलो. सासरे आता नाहीत. काल फाटकापाशी मुलगी आपणहून म्हणाली, "आबा इथेच थांबले होते ना?"

तुमच्याही आठवणी असतील. अवश्य लिहा.

—

ताई, वाचून गलबलून आले. आमची आठवण वाफेच्या छोट्या गाडीची आहे. १९५२ पासून चालणारी ही गाडी पंधरा इंच रुंदीच्या रुळांवरून साधारण दोन किलोमीटरची फेरी मारते. तिचे इंजिन खरोखर वाफेवर चालते. माझे वडील आयुष्यभर लोको शेडमध्ये फिटर होते. नातवंडे डब्यात चढली, तरी ते फलाटावर इंजिनाकडे पाहत उभेच. चालक खाली उतरला आणि त्याने पंजाची मागची बाजू बेअरिंगजवळ नेऊन ते तापले आहे का ते पाहिले. बाबांचा चेहरा उजळला. शेडमध्ये तेही तसेच पाहत असत. इंग्रजी फारसे येत नसल्याने त्यांनी नुसता स्वतःचा पंजा उलटा करून दाखवला, आणि चालकाने हसून मान डोलावली. त्या दिवशी आम्ही तीन फेऱ्या मारल्या.

—

आम्ही टिल्डनमधल्या लिटल फार्म या छोट्या शेतावर अक्षरशः शेकडो वेळा गेलो असू. तिथे जनावरांना फक्त लेट्यूस आणि सेलरी देता येते, आणि तीही घरून न्यावी लागते. माझा मुलगा उशिरा बोलायला लागला. कुणाशी नजर मिळवत नसे, पण गाईने सेलरीचा दांडा जिभेने ओढून घेतला की तिच्याकडे एकटक पाहत राही. एकदा गाईची खरखरीत जीभ त्याच्या मनगटावरून फिरली. मी घाबरून पुढे झाले, तर तो स्पष्टपणे म्हणाला, "अजून." त्या वेळी त्याला सव्वातीन वर्षे झाली होती. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सेलरीचे दांडे तुकडे न करता लांबलचकच ठेवावेत, म्हणजे लहान बोटे जनावराच्या तोंडापासून दूर राहतात.

—

एक सावधगिरीची गोष्ट लिहितो, कारण आमची चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये. शरद ऋतूत पायवाटेकडेला सुंदर तांबडी पाने दिसली, म्हणून मुलीने शाळेच्या वहीत चिकटवण्यासाठी ओंजळभर गोळा केली. तो पॉयझन ओक होता. दोन दिवसांनी तिचे हात, मान आणि एक डोळा सुजला आणि तिने आठवडाभर जे सोसले ते आजही मला बोचते. एका देठाला तीन पाने दिसली की मुलांना लांब ठेवा. हिवाळ्यात पाने गळून नुसत्या काड्या उरतात, पण चट्टे उठवणारे तेल त्यांतही असते. स्पर्श झालाच, तर लगेच साबण आणि गार पाणी.

—

वरील प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. कपडेही वेगळे धुवावेत आणि कुत्रा सोबत असेल तर त्यालाही अंघोळ घालावी, कारण ते तेल त्याच्या केसांवरून घरात येते.

—

सासूबाईंना चालता येईनासे झाल्यावर त्यांनी बाहेर पडणेच सोडले होते. इन्स्पिरेशन पॉइंटपासून निघणारी निमित्झ वे ही वाट डांबरी आहे, म्हणून आम्ही त्यांना चाकाच्या खुर्चीतून तिथे नेले. एका बाजूला सॅन पाब्लो आणि ब्रायोनिस ही धरणांची पाणी, मागे माउंट डायब्लो. वारा झोंबत होता, पण परत फिरायचे का असे विचारले की त्या हातानेच "पुढे चला" म्हणत. १९३४ साली, महामंदीच्या ऐन कडक्यात, इथल्या मतदारांनी स्वतःवर कर लावून घेऊन या उद्यानांचे मंडळ उभे केले आणि १९३६ मध्ये टिल्डन लोकांसाठी खुले झाले. खिशात पैसा नसताना त्या लोकांनी हे केले, याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. सासूबाईंना त्यानंतर दोन वर्षे दर रविवारी ती वाट मिळाली.

—

टिल्डनमधल्या लेक अँझा या तलावात पोहायला मुलांना न्यायचे आहे. आता जाता येईल का?

—

जीवरक्षक फक्त हंगामात असतात, त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत थांबा. शेवाळ वाढले की पोहणे बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. तोवर १९११ सालचा लाकडी मेरी-गो-राउंड आहे. माझी धाकटी त्यावर एकाच घोड्याचा हट्ट धरते आणि तो रिकामा होईपर्यंत रांगेतल्या मुलांना पुढे जाऊ देते.

—

सर्वांचे मनापासून आभार. पाऊस झाला तर शनिवारी सकाळी आम्ही त्या फाटकातून आत चालत जाणार आहोत. कुणाला यायचे असल्यास जरूर या. रस्ता बराच चढाचा आहे, त्यामुळे ज्येष्ठांसाठी काठी घ्यावी, आणि मुलांनी आपल्या पावलांपुढे पाहत चालावे.